पुढच्या फोर्कचा मागचा हिशेब

फुल सस्पेन्शन ट्रेल सायकलचा फोर्क बदलायचा विषय निघाला की बोलणं एका आकड्यावर येऊन थांबतं: ट्रॅव्हल किती, म्हणजे फोर्क किती दाबला जातो? १३० मिमी असेल तर १५० घ्यावा, १५० असेल तर १६० का नको? दगडांच्या वाटेवर उतरताना वीस मिमी जास्त मिळाले तर बिघडलं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण १९९० साली अमेरिकेत डुरँगो इथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा डाउनहिल जिंकणाऱ्या ग्रेग हर्बोल्डच्या सायकलला रॉकशॉक्सचा फोर्क होता, आणि त्या काळी त्या फोर्कचा ट्रॅव्हल जेमतेम ५० मिमी असे. आजच्या साध्या ट्रेल सायकलला त्याच्या अडीच-तीनपट मिळतो. ट्रॅव्हल केव्हाच पुरेसा झाला आहे. फोर्कची निवड फसते ती बाकीच्या गोष्टींवर.

हार्डटेल सायकलला सस्पेन्शनचा सगळा भार पुढच्या फोर्कवर असतो. फुल सस्पेन्शनला मागे शॉक आहे, आणि फ्रेम आखणाऱ्याने दोन्ही टोकांचा हिशेब एकत्र मांडलेला असतो. म्हणून फोर्क निवडताना आधी मागचं टोक बघायचं, मग स्वतःचं वजन, मग वाटा, आणि मग तो फोर्क उघडून साफ करणारा माणूस कुठे भेटेल ते. एवढं झाल्यावर पैसे शिल्लक राहिले तर ते ट्रॅव्हलवर न घालता डँपरवर घालायचे.

आधी जुन्या फोर्कची परीक्षा

'फोर्क कडक झालाय', 'हाताला मुंग्या येतात', 'वळणावर पुढचं चाक सुटतं' या तक्रारींचं मूळ पुष्कळदा फोर्कच्या बाहेर असतं. पहिल्यांदा टायरची हवा बघा. ट्यूबलेस टायरमध्ये चार-पाच पीएसआय हवा जास्त असली तरी बारीक खडीवर सगळी थरथर हातात येते. मग सॅग मोजा, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क किती खाली बसतो ते. कसा ते पुढे येईलच. शेवटी फोर्कच्या खालच्या पायांचं तेल कधी बदललं होतं ते आठवा. आठवत नसेल तर सर्व्हिस करून घ्या आणि एक-दोन राइड करून मग ठरवा. सीलच्या आतले फोमचे वेढे कोरडे पडले की महागातला फोर्कही अडखळत चालतो.

यानंतरही फोर्क शेवटपर्यंत आपटत असेल, उतारावर ब्रेक लावताच खाली बुडत असेल, जोरात वळताना पुढचं चाक भलत्याच दिशेला जात असेल, किंवा वरच्या चकचकीत नळ्यांचा म्हणजे स्टँचनचा मुलामा सीलच्या जागी उडाला असेल, तर नव्या फोर्कचा विचार योग्य आहे.

मागे किती, पुढे किती

प्रचलित सायकलींकडे पाहिलं तर एक रीत दिसते. सांताक्रूझ टॉलबॉय आणि चौथ्या पिढीची आयबिस रिप्ली या सायकलींना मागे १२० आणि पुढे १३० मिमी. २०२१च्या स्पेशलाइज्ड स्टंपजंपरला मागे १३०, पुढे १४०. त्याच सुमाराच्या जायंट ट्रान्स एक्सला मागे १३५, पुढे १५०. म्हणजे फोर्कचा ट्रॅव्हल मागच्यापेक्षा दहा ते वीस मिमी जास्त. तुमच्या फ्रेमसोबत मुळात जो फोर्क आला होता, त्याच ट्रॅव्हलचा किंवा फार तर दहा मिमी जास्त ट्रॅव्हलचा फोर्क हा सुरक्षित पल्ला समजा.

दहा मिमीने काय फरक पडतो? लांब फोर्कमुळे सायकलचं नाक वर जातं. हेड अँगल साधारण अर्ध्या अंशाने पडतो, पेडलचा मधला कणा तीन-चार मिमीने उचलला जातो, आणि सीटची नळीही तेवढीच मागे कलते. उतारावर सायकल शांत वाटते, पेडल दगडांना कमी घासतं. चढावर मात्र वजन मागे जातं, पुढचं चाक भटकायला लागतं, आणि हँडल वर आल्यामुळे सपाट वळणावर पुढच्या टायरवर दाब कमी पडतो. दहा मिमीचा हा सौदा पुष्कळांना पटतो. वीस-तीस मिमीचा बहुधा पटत नाही, कारण मागचा शॉक त्या वेगासाठी बनलेलाच नसतो. पुढचं टोक ज्या दगडांवरून निर्धास्त जातं, तिथेच मागचं टोक आपटतं.

शिवाय लांब फोर्क हेडट्यूबच्या सांध्यावर जास्त ताण देतो. बहुतेक कंपन्या त्या फ्रेमला कमाल किती ट्रॅव्हलचा किंवा किती लांबीचा फोर्क चालेल हे लिहून देतात. ती मर्यादा ओलांडली तर वॉरंटी जाऊ शकते. ही लांबी म्हणजे एक्सलपासून क्राउनच्या बुडापर्यंतचं अंतर. सारख्याच ट्रॅव्हलच्या दोन फोर्कमध्येही ते काही मिमीने वेगळं असतं, म्हणून ट्रॅव्हलसोबत हेही अंतर विचारा.

वाट कशी, तसा फोर्क

पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर मुरूम, सुटी खडी आणि छोटे चढउतार असतात. तिथे १२० ते १३० मिमी पुरतो. जास्तीचा ट्रॅव्हल फक्त चढावर वजन वाढवतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या सड्यांवर मोठे धक्के थोडे, पण खरबरीत खडकाची अखंड थरथर असते. तिथे किती मिमी आहेत यापेक्षा पहिले तीस-चाळीस मिमी किती सहज हलतात हे महत्त्वाचं. घाटमाथ्यावरून बेसॉल्टच्या पायऱ्या, घसारा आणि ओढ्यातले धोंडे घेत उतरणाऱ्याला १४० ते १५० मिमी कामी येतो. आणि दरवर्षी हिमाचलात जाऊन अर्धा-पाऊण तास सलग उतरणाऱ्याने १५०-१६० चा विचार करावा, पण फ्रेम तेवढी असेल तरच.

इथे प्रामाणिक उत्तर हवं. वर्षातून एकदा होणाऱ्या सहलीसाठी फोर्क घेऊ नका. दर रविवारी ज्या वाटेवर जाता तिच्यासाठी घ्या.

नळीची जाडी आणि तुमचं वजन

फोर्कचा कणखरपणा मुख्यतः स्टँचनच्या व्यासावर आणि क्राउनच्या बांधणीवर ठरतो. फॉक्सच्या नावांतच व्यास आहे: ३४, ३६, ३८ मिमी. रॉकशॉक्सच्या पाइक आणि लिरिक या दोघांना ३५ मिमीच्या नळ्या, झेबला ३८च्या. मार्झोकी २०१५ पासून फॉक्सच्या मालकीची आहे. तिच्या बॉम्बर झेड-२ ला ३४ आणि झेड-१ ला ३६ मिमी.

ढोबळ विभागणी अशी: १२० ते १४० मिमी ट्रॅव्हलसाठी फॉक्स ३४, पाइक, झेड-२, १४० ते १६० साठी फॉक्स ३६, लिरिक, झेड-१, त्यापुढे ३८ आणि झेब. वजनात पाइक किंवा ३४ पावणेदोन-दोन किलोच्या दरम्यान असतात, ३६ आणि लिरिक दोनच्या आसपास, तर ३८ आणि झेब सव्वादोन किलोच्या घरात.

तुमचं वजन सत्तर किलोच्या आत असेल तर १३०-१४० मिमीसाठी ३४-३५ मिमीच्या नळ्या भरपूर झाल्या. नव्वद किलोचा चालक जोरात ब्रेक लावून धोंड्यांत शिरतो तेव्हा तोच फोर्क पुढेमागे वाकतो, आणि वाकलेल्या नळ्या सीलमध्ये अडकून सस्पेन्शन हलायचंच थांबतं. अशा चालकाने त्याच ट्रॅव्हलमध्ये एक पायरी जाड फोर्क घ्यावा, जसा १४० मिमीचा लिरिक. वाढलेले पाव किलो त्याला खटकणार नाहीत. हलक्या चालकाने उगाच जाड फोर्क घेतला तर हातांना कडकपणा जाणवतो आणि चढावर वजन.

हवा की स्प्रिंग

ट्रेलसाठी बहुतेकांना हवेचा फोर्क सोयीचा. शॉक पंपाने दाब कमीजास्त करून तो साठ किलोच्या आणि पंचाण्णव किलोच्या, दोन्ही चालकांना बसवता येतो. हवा दाबली जाते तशी कडक होत जाते, म्हणून शेवटचा भाग आपोआप सावरला जातो. तोही कमी पडला तर हवेच्या कप्प्यात प्लास्टिकचे ठोकळे घालतात. रॉकशॉक्समध्ये त्यांना टोकन म्हणतात, फॉक्समध्ये व्हॉल्यूम स्पेसर.

लोखंडी कॉइल स्प्रिंग घर्षणात सरस असते आणि लांब उतारावर तिचा स्वभाव बदलत नाही. पण ती तीनशे-चारशे ग्रॅमने जड पडते आणि वजनाप्रमाणे स्प्रिंगच बदलावी लागते. आपल्याकडे हवी ती स्प्रिंग लगेच मिळेलच असं नाही. म्हणून कॉइल फोर्क घेताना तुमच्या वजनाची स्प्रिंग सोबतच मागा.

एक सावधगिरी. स्वस्त सायकलींवर येणाऱ्या सनटूर एक्ससीटी, एक्ससीएम यांसारख्या कॉइल फोर्कवरची प्रीलोडची गुंडी फिरवल्याने स्प्रिंग कडक किंवा मऊ होत नाही. फक्त ती आधीपासून किती दाबलेली आहे ते बदलतं. हे फोर्क साध्या रस्त्यासाठी आणि सोप्या कच्च्या वाटेसाठी आहेत. फुल सस्पेन्शनच्या मागच्या चांगल्या शॉकसोबत ते शोभत नाहीत. सनटूरच घ्यायचा तर ऑरॉनसारख्या ट्रेलसाठी बनवलेल्या हवेच्या फोर्ककडे बघा.

पैसे कुठे घालायचे

डँपर म्हणजे फोर्कमधला तेलाचा भाग. धक्का किती वेगाने आत जाऊ द्यायचा (कंप्रेशन) आणि किती वेगाने परत येऊ द्यायचा (रिबाउंड) हे तो ठरवतो. स्वस्त आणि महाग फोर्कमधला जाणवणारा फरक मुख्यतः इथे असतो.

साध्या डँपरवर रिबाउंडची गुंडी आणि कंप्रेशनचा एक खटका असतो. फॉक्सचा ग्रिप याच जातीचा, आणि मध्यम वेगाच्या ट्रेलसाठी तो पुरेसा चांगला आहे. वरच्या पायरीवर, ग्रिप टू किंवा चार्जर थ्री यांसारख्या डँपरमध्ये, मंद आणि वेगवान कंप्रेशन वेगवेगळं लावता येतं. मंद कंप्रेशन वाढवलं की ब्रेक लावताना आणि वळताना फोर्क बुडत नाही. वेगवान कंप्रेशन मोकळं ठेवलं की धोंड्यावर आदळल्यावर तो झटकन हलतो. मात्र चार गुंड्या समजून घेण्याची तयारी नसेल तर साधा डँपरच बरा. चुकीचा लावलेला महाग डँपर बरोबर लावलेल्या साध्यापेक्षा वाईट चालतो.

फॉक्स घेताना पैसे वाचवायची एक जागा आहे. फॅक्टरी आणि परफॉर्मन्स एलिट या दोन श्रेणींत आतले भाग तेच असतात; फॅक्टरीला सोनेरी काशिमा मुलामा मिळतो, एलिटला काळा. काशिमाने घर्षण किंचित कमी होतं, पण बजेट ताणलेलं असेल तर काळ्या नळ्या घ्या आणि उरलेल्या पैशांत शॉक पंप आणि सर्व्हिस किट.

जुळतंय का ते तपासा

इथली एक चूक पूर्ण फोर्क परत पाठवायला लावते.

चाक: २७.५ आणि २९ इंची चाकांचे फोर्क वेगळे. टायर किती रुंद बसतो तेही विचारा.

एक्सल: आजच्या ट्रेल सायकलींवर बहुधा १५ x ११० मिमीचा बूस्ट असतो. २०१५च्या आधीच्या सायकलींवर १५ x १०० मिळतो, आणि त्या हबवर नवा फोर्क सरळ बसत नाही. रॉकशॉक्सच्या काही फोर्कच्या टोकांना मोठ्या टॉर्क कॅपची जागा असते. साधा हब तिथे चालतो, पण चाक बसवताना तो जागेवर नीट धरून मगच एक्सल घालावा लागतो.

स्टीअरर: बहुतेक नव्या फोर्कचा स्टीअरर वर सव्वा इंचाहून थोडा कमी आणि खाली दीड इंच, म्हणजे निमुळता असतो. फ्रेमची हेडट्यूब त्यालायक हवी. स्टीअररची लांबी हेडट्यूब, हेडसेट, वॉशर आणि स्टेम मिळून मोजा. कापलेला स्टीअरर वाढवता येत नाही, म्हणून पहिल्यांदा थोडा लांबच ठेवा आणि हँडलची उंची पक्की झाल्यावर पुन्हा कापा.

ऑफसेट: २९ इंची फोर्कना साधारण ४४ किंवा ५१ मिमी ऑफसेट मिळतो. कमी ऑफसेटने वेगात सुकाणू स्थिर वाटतं, जास्त ऑफसेटने हळू वेगात चपळ. फ्रेम ज्या ऑफसेटवर आखली आहे तोच घ्या. सात मिमीने सायकल बिघडत नाही, पण कारण नसताना बदलूही नका.

ब्रेक: बहुतेक नव्या ट्रेल फोर्कना १८० मिमी रोटरसाठी थेट पोस्ट माउंट असतो. तुमचा पुढचा रोटर १६० असेल तर तो बदलावा लागेल. मोठा रोटर अ‍ॅडॅप्टर लावून बसतो, पण फोर्कची कमाल मर्यादा पाहून.

डाउनट्यूबची जागा: हँडल पूर्ण वळवल्यावर क्राउनवरच्या गुंड्या फ्रेमला आपटतात का ते बघा. ट्रेकच्या काही फ्रेमवर त्यासाठी हँडल अडवणारी सोय दिलेली असते, आणि ती काढून टाकण्याआधी हे तपासायलाच हवं.

कोण उघडणार?

रॉकशॉक्स खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांनी आणि आतल्या भागांची २०० तासांनी सांगते. फॉक्स पूर्ण सर्व्हिससाठी १२५ तास किंवा वर्ष यापैकी जे आधी येईल ते. दर आठवड्याला तीन-चार तास चालवणाऱ्याला ५० तास म्हणजे तीन-चार महिने. पावसाळ्याच्या चिखलात ते आणखी लवकर करा. म्हणून विकत घेण्याआधी विचारा: या मॉडेलचं सीलचं किट इथे मिळतं का? डँपर इथेच उघडतात की दुसऱ्या शहरात पाठवतात? वॉरंटी भारतातल्या वितरकाकडे चालते का? परदेशातून स्वस्तात मागवलेला फोर्क या तीन प्रश्नांवर महाग पडू शकतो.

रोजची काळजी सोपी आहे. राइडनंतर स्टँचन ओल्या फडक्याने पुसा. प्रेशरच्या पाण्याचा झोत सीलवर मारू नका. सायकल बरेच दिवस उभी असेल तर चालवण्याआधी थोडा वेळ उलटी ठेवा, म्हणजे आतलं तेल फोमच्या वेढ्यांपर्यंत उतरतं.

वापरलेला फोर्क घेणार असाल तर चार गोष्टी बघा. स्टँचनवर नखाला लागेल असा ओरखडा नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवल्यावर क्राउनच्या सांध्यातून करकर नको. गुंड्यांचा प्रत्येक टप्पा जाणवला पाहिजे. आणि स्टीअरर तुमच्या फ्रेमला पुरला पाहिजे.

बसवल्यानंतर

नवा फोर्क कंपनीच्या तक्त्यातल्या दाबाने सुरू करा. दाब भरताना मध्ये मध्ये फोर्क आठ-दहा वेळा सावकाश दाबा, म्हणजे मुख्य आणि निगेटिव्ह कप्प्यांतली हवा समतोल होते. पंप काढताना येणारा फुस्स आवाज नळीतल्या हवेचा असतो, फोर्कमधली जात नाही.

नेहमीचं सामान घालून पेडलवर उभे राहा, स्टँचनवरचा रबरी वेढा खाली सरकवा, अलगद उतरा आणि मोजा. १५ ते २० टक्के सॅग योग्य. १४० मिमीच्या फोर्कवर तो २१ ते २८ मिमी येतो. मागच्या शॉकचा सॅग साधारण २५ ते ३० टक्के असतो, तोही त्याच वेळी बघा. फक्त पुढचं लावून मागचं सोडलं तर सायकल एका बाजूला कललेलीच राहते.

मग एकच वाट निवडून तीच पुन्हा पुन्हा चालवा आणि दर वेळी एकच गोष्ट बदला. सलग दगडांवर फोर्क आत आत रुतत जात असेल तर रिबाउंड फार मंद आहे. उडी मारून आल्यावर हँडल हाताला वर फेकत असेल तर फार जलद. हलक्या चालकांना बरेचदा रिबाउंड जवळजवळ पूर्ण मोकळं ठेवावं लागतं, त्यात वावगं काही नाही. सॅग बरोबर असूनही फोर्क वारंवार तळाला आपटत असेल तर दाब वाढवू नका. एक टोकन घाला. आणि सायकल कितीही आपटली तरी शेवटचे तीस-चाळीस मिमी वापरलेच जात नसतील तर एक टोकन काढा.

पुण्याहून लेह-मनालीकडे सायकल नेलीत तर उंचीवर बाहेरचा हवेचा दाब उतरतो. लेहच्या साडेतीन हजार मीटरवर तो पुण्यापेक्षा साधारण चार पीएसआयने कमी असतो. फोर्कच्या खालच्या पायांत अडकलेली खालची हवा त्यामुळे आतून ढकलते आणि सुरुवातीचा मऊपणा जातो. फॉक्स ३६ आणि ३८ च्या अलीकडच्या काही मॉडेलांवर आणि पाइक-लिरिकच्या अलीकडच्या अल्टिमेट मॉडेलांवर ही हवा सोडायला बटण असतं. नसेल तर सीलची कड झिपटायने अलगद उचलून ती सोडतात.

दुकानात जाण्याआधी

एका कागदावर हे लिहा: फ्रेमचं मॉडेल आणि वर्ष, मागचा ट्रॅव्हल, फ्रेमची कमाल फोर्क मर्यादा, चाक, एक्सल, ऑफसेट, स्टीअररची लांबी, पुढचा रोटर आणि सामानासह तुमचं वजन. साठ-पासष्ट किलोच्या, मागे १२० असलेल्या चालकाला हा कागद १३० मिमीच्या पाइक किंवा ३४ कडे नेईल. पंच्याऐंशी किलोच्या, मागे १३५ असलेल्या आणि घाट उतरणाऱ्याला १५०च्या लिरिक किंवा ३६ कडे. बजेट मोजकं असेल तर झेड-२ किंवा झेड-१ कडे. विक्रेता हा कागद वाचून उलट प्रश्न विचारू लागला तर त्याच्याकडून घ्या. कागद बाजूला ठेवून तो थेट १६० मिमीचा डबा उघडायला लागला, तर दुसरं दुकान शोधा.